एकाच स्पीकर-स्टँडला परत परत गंज

उंबरठा

माझ्याकडे बुकशेल्फ स्पीकरच्या लोखंडी स्टँडची जोडी आहे, ६० सेंटिमीटर उंचीची. मधे एकच चौकोनी पाइप, वर आणि खाली जाड प्लेट. सेकंडहँड घेतलेली. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्टँडच्या बुडाशी, पाइप खालच्या प्लेटला वेल्ड केलाय तिथे, गंज दिसला. तारेच्या ब्रशने घासला, स्प्रेने काळा रंग मारला, वाटलं विषय संपला. आठ महिन्यांत रंगाला फुगे आले, पोपडे सुटले आणि खाली तोच तांबडा भुगा. पुन्हा घासलं, या खेपेला रेड ऑक्साईड प्रायमरचा हात देऊन मग रंग. तो वर्षभर टिकला. आता तिसरी फेरी.

उजवा स्टँड मात्र ठणठणीत. दोन्ही एकाच खोलीत, एकाच भिंतीला. फरशी पुसताना पाणी लागत असेल म्हणावं, तर ते दोघांनाही सारखंच लागणार.

प्रश्न सोपा आहे. कोणता रंग लावू म्हणजे पुन्हा हे करावं लागणार नाही?

सुस्त अजगर

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या स्टँडवर धुळीचाच एक थर आहे, तो मात्र कमालीचा टिकाऊ निघालाय.

अर्धा इंच

उंबरठा, रंगाच्या डब्यावरचं नाव फार मनावर घेऊ नका. रंग टिकतो तो खालच्या तयारीवर. तारेचा ब्रश वरवरचा भुगा काढतो, पण खड्ड्यांत बसलेला गंज नुसता चकचकीत करून ठेवतो. तुम्हाला वाटतं धातू दिसतोय, तो असतो घासून गुळगुळीत झालेला गंज.

८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा. गंज संपतो तिथे थांबू नका, त्याच्या पलीकडे दोन-तीन सेंटिमीटर चांगल्या दिसणाऱ्या रंगाखाली शिरा, कारण गंज रंगाखालून सरपटत पुढे गेलेला असतो. मग १२०, मग २४०. जिथे रंग शाबूत आहे तिथे कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा, नाहीतर वरच्या हातातून ती पायरी कायम दिसत राहील. खड्ड्यांत जे उरेल त्याला रस्ट कन्व्हर्टर. यातलं टॅनिक ॲसिड गंजाशी संयोग पावून काळपट निळा, स्थिर थर बनवतं. काहींत फॉस्फोरिक ॲसिड असतं, त्याने लोहाचं फॉस्फेट बनतं. कोऱ्या धातूवर त्याचा फारसा उपयोग नाही, ते गंजासाठीच आहे. त्यानंतर थिनरने पुसून प्रायमर, आणि रंगाचे दोन-तीन पातळ हात. स्प्रे असेल तर २०-२५ सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून. एकाच जागी थबकलात की ओघळ आलाच.

स्टँड किती जुने आहेत माहीत नसेल तर मूळ रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा.

पण एक खटकतंय. तुम्हीच म्हणताय की दुसऱ्याला काही झालेलं नाही. मग रंगाचा दोष कसा? डाव्याच्या पोटात काय आहे ते बघितलंत का?

उंबरठा

काका, पोटात म्हणजे?

अर्धा इंच

पाइपवर बोटाने टिचकी मारा. वरपासून खालपर्यंत.

उंबरठा

मारली. दोन्हींत वरचा थोडा भाग टण्ण वाजतो, खाली आवाज एकदम मेल्यासारखा, ठप्प. म्हणजे काहीतरी भरलेलं आहे. मी भरलेलं नाही, आधीच्या मालकाने भरलं असणार. वरच्या प्लेटच्या मधोमध प्लॅस्टिकचं बूच आहे, ते मी शोभेचं समजत होतो!

कानसेन

वाळू असणार. पोकळ पाइप घंटेसारखा वाजतो, म्हणून बहुतेक जण वाळू भरतात. दाणे एकमेकांवर घासून कंप गिळतात, शिवाय वजन खाली येतं आणि स्टँड सहजासहजी कलंडत नाही. भरल्यावर बेस, म्हणजे खर्ज, एकदम आवळला जातो, आवाजाचं स्टेज खोल होतं, गाणाऱ्याच्या श्वासाला जागा मिळते.

तिसरी घंटा

श्वासाला जागा. बरं. डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखून दाखवा, भरलेला कोणता आणि रिकामा कोणता.

कानसेन

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

तिसरी घंटा

टिचकी मारल्यावर फरक पडतो हे मान्य. स्टँड कलंडत नाही हेही मान्य, घरात लहान मूल असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा भरावा. पुढचं ज्याचं त्याच्या कानापाशी. हलके घ्या.

निळी शाई

भांडण नंतर, आधी दोन सावधगिरीच्या गोष्टी.

बूच उघडाल तेव्हा आत वाळूऐवजी शिशाचे छर्रे निघू शकतात. काही जण वजनासाठी तेच भरतात. वाळू लिटरमागे साधारण दीड किलोच्या आसपास भरते, छर्रे जवळजवळ सात किलो. तेव्हा स्टँड आडवा करून आधी उचलून बघा. छर्रे निघाले तर हातमोजे घाला, त्यांची धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीतून शिकलेली. स्टँडचं काम स्पीकरच्या जवळपास करायचं नाही. मी एकदा स्पीकर बाजूच्या टेबलावर ठेवून खाली स्टीलवूलने गंज घासत बसले. स्टीलवूलचे तुकडे केसाहून बारीक असतात आणि स्पीकरमधे भलंमोठं चुंबक. व्हॉइस कॉइल म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, तिच्याभोवतीची फट मिलिमीटरच्या काही अंशाएवढी, तीत एक तुकडा गेला तरी पडदा हलताना खरखर ऐकू येते. ती खरखर मी आधी ॲम्प्लिफायरमधे शोधली, मग वायरमधे, मग गाण्यात. शेवटी तो ड्रायव्हरच (पडदा, कॉइल आणि चुंबक असलेला भाग) बदलावा लागला. तेव्हा स्पीकर दुसऱ्या खोलीत, दार लावून. आणि स्टीलवूलपेक्षा नायलॉनची घासणी बरी.

उंबरठा

निळी शाई ताई, वाचून पोटात गोळा आला. दोन्ही वेळा घासताना स्पीकर सोफ्यावर होते, चार फुटांवर. नशीब म्हणायचं.

रविवारी उघडतो.

रंधा

धागा थोडा वळवतोय. माझे स्टँड एमडीएफचे, वर लाकडी व्हिनियर. खालच्या पाटाची कड पाणी पिऊन बिस्किटासारखी फुगलीय. घासून सपाट करू का?

निळी शाई

लगेच नको. आधी पंख्याखाली दहा-पंधरा दिवस पूर्ण सुकू द्या, ओलं एमडीएफ घासलं की त्याचा कापूस होतो. सुकल्यावर फुगलेल्या कडेत पातळ सुपरग्लू किंवा पातळ इपॉक्सी मुरवा, म्हणजे सुटलेले तंतू बांधले जातील. मगच घासा, खड्डा राहिला तर लांबी (पुट्टी) भरा आणि कडेला प्रायमरचे दोन हात द्या, कारण एमडीएफची कड पृष्ठभागापेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढते. फुगवटा पूर्ण बसत नाही, तेवढं गृहीत धरा. पाटाखाली छोटे पाय लावून तो जमिनीपासून वर घेतलात तर पुढचं पोछ्याचं पाणी त्याला भेटणार नाही.

व्हिनियरला तेल द्यायचं ठरवलंत आणि ते जवसाचं असेल, तर तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

रंधा

वाचनखूण साठवली. आभार.

उंबरठा

उघडलं. सगळं सांगतो, कारण मजा आहे.

आधी खालचे टोकदार पाय काढायचे होते, त्यातला एक जाम. रात्रभर गंजसैल तेल सोडून ठेवलं, सकाळी पान्याने आधी किंचित आवळला आणि मग उलटा फिरवला तेव्हा करकरत निघाला. बूच काढून स्टँड पालथा केला तर काही पडेना. पाइपवर लाकडी दांडक्याने ठोकल्यावर धप्पकन एक लादा बाहेर आला. होय, लादा. चकलीच्या सोऱ्यातून आल्यासारखा पाइपच्या आकाराचा, चौकोनी. खालचा वीतभर भाग तांबडा, हाताला गार.

एक पेला वाळू काट्यावर ठेवली, बरोबर ५०० ग्रॅम. जुन्या पातेल्यात मंद आचेवर तासभर परतली, पुन्हा वजन केलं, ४८१. म्हणजे १९ ग्रॅम पाणी. उजव्या स्टँडमधली वाळू तशीच तोलली आणि परतली तर फरक एका ग्रॅमचा.

आणि गाळताना चाळणीत जे उरलं त्याचा फोटो बघा. शिंपल्यांचे तुकडे! बारीक, पांढरे, नखाएवढे दोन अख्खेसुद्धा. उजव्यात एकही नाही.

सुस्त अजगर

दोन वर्षं समुद्राच्या लाटांवर गाणी ऐकत होतात की.

अर्धा इंच

सापडला चोर. ही समुद्राची वाळू आहे, न धुता भरलेली. उजव्यात भरताना पहिल्या मालकाची पिशवी संपली असेल किंवा त्याला नंतर शहाणपण सुचलं असेल.

नुसती वाळू पाणी धरून ठेवत नाही, मीठ धरतं. शुद्ध मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढू लागतं. म्हणजे तुमच्या पाइपमधली वाळू वर्षाचा बराच काळ ओलसरच राहिली. बुचाच्या फटीतून हवा आत शिरायची, ओल मुरत खाली जायची आणि वेल्डपाशी बसायची. पाइपच्या आतून कारखान्यातही कोणी रंग देत नाही, तिथे कोरं लोखंड. वेल्डमधे सुईएवढी भोकं असतात, त्यांतून खारट पाणी बाहेर झिरपलं आणि तुम्ही दोनदा मारलेल्या रंगाच्या पाठीमागून येऊन त्याला फुगे आणले. बाहेरून जगातला कोणताही रंग लावला असता तरी तो गेलाच असता.

आता घाई करून आत कन्व्हर्टर ओतू नका. खड्ड्यांत मिठातलं क्लोराईड अडकलेलं असतं, ते तसंच ठेवून वर काहीही लावलं तरी ते पुन्हा पाणी ओढणार. आधी मीठ काढा. भुगा खरवडून काढा, गरम पाण्याने पाइप भरा, तास-दोन तास ठेवा, ओता, पुन्हा भरा.

निळी शाई

मीठ गेलं की नाही हे कळायला सोपी युक्ती. पाण्याच्या फिल्टरबरोबर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन मिळतं, ते बहुतेक घरांत पडून असतं. आधी नळाचं पाणी मोजा, मग पाइपमधून ओतलेलं. दोन्ही आकडे जवळ आले की थांबा.

आणि गंज काढायला व्हिनेगर वापरणार असाल तर त्याच बाथरूममधे, त्याच दिवशी ब्लीच नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. हे काका लिहितील असं वाटलं होतं.

अर्धा इंच

राहिलं खरं. ताईंचं ऐका.

उंबरठा

पेन सापडलं. नळाचं पाणी १४०. पहिलं धुणं पेनच्या मापाबाहेर, चहासारखं. दुसरं १,१२०, तिसरं ४३०, चौथं २१०, सहावं १५०. तिथे थांबलो. मग सायट्रिक ॲसिड, लिटरला पन्नास ग्रॅम, कोमट पाण्यात, तीन तास. काळपट गाळ निघाला. सोड्याच्या पाण्याने एकदा, साध्या पाण्याने दोनदा. आणि बायकोच्या हेअर ड्रायरने लगेच सुकवलं, कारण काकांनी निरोपात बजावलं होतं की ॲसिडमधून निघालेलं उघडं लोखंड दहा मिनिटांत पिवळं पडतं. पडलंच थोडं, मी फोन घ्यायला गेलो तेवढ्यात.

आता आतून काय लावू? आणि सगळं पावडर कोटिंगला द्यावं का?

तिसरी घंटा

पावडर कोटिंग बाहेरून उत्तम. थर ६० ते ८० मायक्रॉनचा, सहज खरचटत नाही. पण खोल पाइपच्या आत पावडर पोचत नाही; ती विद्युतभारावर चिकटते आणि तो भार पोकळीत शिरत नाही. भट्टी १८० ते २०० अंशांची, त्यामुळे रबर, प्लॅस्टिक, डिंकाने चिकटवलेलं काहीही ठेवू नका. आणि वाळू भरलेला पाइप चुकूनही देऊ नका, आत ओल असेल तर वाफ कोंडते. पायांच्या आट्यांत जुने बोल्ट घालून द्या, नाहीतर पावडरने आटे बुजतील आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवत बसाल.

अर्धा इंच

आतून मोटारीच्या पोकळ भागांत मारतात ते मेणाचं स्प्रे. लांब नळी येते, शेपटीसारखी, ती पार तळापर्यंत घालायची आणि मारत मारत वर ओढायची. ते पातळ असतं, वेल्डच्या भोकांत शिरतं. बाहेरचा रंग पूर्ण झाल्यावरच करा, मेण बाहेर ओघळलं तर त्यावर रंग धरणार नाही.

कानसेन

मेणावर वाळू चिकटणार नाही का?

अर्धा इंच

चिकटेल थोडी. दोन दिवस सुकू द्या, मग वाळू पातळ पिशव्यांत बांधून आत सोडा. पिशव्या लांबट करा, सॉसेजसारख्या. पुन्हा कधी काढायची झाली तर लाद्यासाठी दांडकं लागणार नाही.

कानसेन

पिशव्यांमुळे पाइपशी वाळूचा स्पर्श कमी होणार आणि कंप तेवढे गिळले जाणार नाहीत, माझ्या मते. तरी गंजापेक्षा ते परवडलं. आणि तोंडापर्यंत भरू नका, दोन-तृतीयांश पुरे.

उंबरठा

हिशेब केला. पाइप आतून ७ सेंटिमीटर चौरस, उंची ६०, म्हणजे जवळपास २.९ लिटर. पूर्ण भरला तर ४.७ किलो, दोन-तृतीयांश म्हणजे ३.१. धुतलेली बारीक वाळू घेऊन पुन्हा परतली आणि वजन स्थिर होईपर्यंत तोलत राहिलो. घरचे आता माझ्याकडे कसे बघतात ते सोडा.

सुस्त अजगर

अवांतर: वरच्या प्लेटवर, स्पीकर घट्ट बसवायला लावतात त्या निळ्या चिकट मातीचे तेलकट डाग आहेत, तीन वर्षांचे. आणि खालचे रबरी पाय वितळून च्युइंगमसारखे झालेत. धूळही मीच, डागही मीच.

निळी शाई

तीच माती नवी घेऊन दाबा आणि उचला, दाबा आणि उचला; अर्ध्याहून जास्त अवशेष तीच ओढून घेते. तेलकट डागाला टर्पेंटाइनचं फडकं, पण आधी कोपऱ्यात बघा रंग सुटतो का. वितळलेल्या पायांना आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते खराब झालेले पाय सुधारत नाहीत, काढून नवे लावा. स्टँड जुना लाकडी आणि लाखेच्या पॉलिशचा असेल तर अल्कोहोल नको, पॉलिशच विरघळेल.

उंबरठा

तीन आठवड्यांनी आलोय. काम झालं, दोन घोळांसकट.

पहिला घोळ: पाय नवे घेतले, एम६. दोन आटे आत गेले आणि अडकले, शिवाय डुगडुगत होते. मी जोर लावणार होतो, तेवढ्यात काकांना फोटो पाठवला. मूळ आटे पाव इंचाचे निघाले, इंचाला २०. एम६ म्हणजे ६ मिलिमीटर आणि आटा १ मिलिमीटरचा. पाव इंच म्हणजे ६.३५ आणि आटा १.२७. दिसायला सख्खे भाऊ, पण जोर लावला असता तर प्लेटचेच आटे खराब झाले असते.

दुसरा घोळ पूर्णपणे माझा. पावडर कोटिंगच्या भट्टीवाल्याकडे दोनच नग घेत नाहीत म्हणून घरीच ब्रशने एनॅमल लावलं. दुसऱ्या दिवशी बोटाला कोरडं लागलं, तिसऱ्या दिवशी रबरी चकत्या ठेवून वर स्पीकर चढवला. आठवड्याने उचलायला गेलो तर स्पीकर स्टँडसकट वर आला. चकत्या रंगात रुतून बसलेल्या. एनॅमल वरून काही तासांत सुकतं, पण आतून कडक व्हायला आठवडे घेतं, आणि वर वजन, खाली रबर. वरची प्लेट पुन्हा घासली, ४०० च्या वॉटर पेपरने, पुन्हा दोन पातळ हात, आणि या वेळी तीन आठवडे रिकामे ठेवणार आहे. तोवर स्पीकर पुस्तकांच्या चळतीवर.

कानसेन

पुस्तकांवर आवाज कसा येतोय?

उंबरठा

खरं सांगू? बरा येतोय. तिसरी घंटा, गप्प बसा.

तिसरी घंटा

मी काही बोललोच नाही.

रंधा

धागा वर काढतोय. उंबरठा, सगळा दमट हंगाम गेला मधे. स्टँडचं काय झालं? माझी एमडीएफची कड ठीक आहे, फुगवटा अंदाजे अर्धा बसला.

उंबरठा

आज मुद्दाम टॉर्च घेऊन बघितलं. डाव्याच्या वेल्डपाशी एक फुगा नाही. बूच काढून एक पिशवी वर ओढली, वाळू भुरभुरीत, पिशवी कोरडी. पाणसळ लावून पाय पुन्हा जुळवले, नवे असल्याने एकाचा नट सैल झाला होता.

आता उजवा जुनाट दिसतो. त्याच्या वरच्या कडेला रंग उडालाय, हे इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं.

सुस्त अजगर

एक राहिलंच. तुमचा मूळ प्रश्न होता की रंग कोणता लावू. शेवटी कोणता लावलात?

उंबरठा

साधा काळा, मॅट. अर्धा डबा उरलाय, उजव्याला पुरेल.